पाखरांच्या मिशा आणि अब्बांचं अत्तर

मंठ्याच्या स्टँडवर एसटी लागली, तेव्हा अब्बांनी खिशातून बाटली काढली आणि अत्तराचा फाया माझ्या कानात खोचला. "परदेस में अच्छी खुशबू से जाना, बेटा." मी नोकरीसाठी बंगळुरूला निघाले होते, पण अब्बांच्या लेखी तो परदेशच. आठवडी बाजारात अत्तर विकणारा माणूस मुलीला दुसरं काय देणार?

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी त्या फायाने घोळ केला. कपाशीवरच्या बोंडअळीच्या पाखरांना वास कसा येतो, हा आमचा अभ्यास. पाखरू मिशांनी हुंगतं. मिशांवरच्या बारीक केसांत पाणी असतं आणि वास तेलकट, त्यामुळे तो आपला आपण आत पोचत नाही. एक प्रोटीन त्याला हमालासारखं उचलून पलीकडे नेतं. मिशांना आलेला वास टिपणाऱ्या मशीनजवळ मी गेले आणि स्क्रीनवरच्या रेषा पिसाळल्या. लॅबच्या मॅडमनी माझ्या कानाकडे बघितलं आणि मला तोंड-कान धुवायला पिटाळलं. तेव्हापासून बिनवासाचा साबण, वासाचं तेल बंद, गजरा बंद.

हे मी फोनवर अब्बांना हसत सांगितलं. पाखरं पायांनी चव घेतात, हे ऐकून ते खो खो हसले. फायाचं ऐकून मात्र त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

ईदच्या आदल्या दिवशी घरी पोचले. बाहेर राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, आपण दारातूनच घर हुंगतो. मला कसलाच वास आला नाही. अत्तराच्या पेट्या शेजारच्या चाचांकडे हलवल्या होत्या. अम्मी म्हणाली, अब्बा आठवडाभर बाजाराला गेले नाहीत, साध्या साबणाने कपडे घासत बसतात. मी त्यांच्या गळ्यात पडायला गेले, तर ते मागे सरकले.

"नको बेटा, खुशबू कपड़ों कू लगती. तेरी नौकरी जाएगी."

सकाळी ते ईदच्या नमाजला निघाले, तेही अत्तराशिवाय. अत्तरवाला! मला रडूच आलं. धावत जाऊन चाचांकडून खसची बाटली आणली, अब्बांच्या कॉलरला अत्तर चोळलं आणि गळाभेट घेतली. ते अंग चोरून उभे.

"और तेरे पाखरू?"

"राह देखते बैठेंगे थोडे दिन," म्हटलं.

आंघोळीने अत्तर जातं, नोकरी जात नाही, हे नंतर सावकाश समजावलं. अम्मी डोळे पुसत शीरखुर्मा ढवळत होती.

घर म्हणजे माझ्यासाठी आता अब्बांच्या कॉलरएवढी जागा. आणि माझ्याचसाठी त्यांनी ती धुवून टाकली होती.