ब्रेकची तीन कोटेशनं

आमच्या घरात कुठलीही वस्तू तीन भाव आल्याशिवाय आलेली नाही. नवरा सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात पर्चेस, म्हणजे खरेदी, बघतो. तिथला नियम असा, की काहीही घ्यायचं तर तीन जणांकडून कोटेशन मागवायचं, तिन्ही शेजारी-शेजारी मांडायची आणि सगळ्यांत कमी भाव ज्याचा असेल त्याला अजून थोडं खाली खेचायचं. हा नियम त्यानं घरीही आणला. मिक्सरला तीन, गाद्यांना तीन. सासूबाईंच्या मोतीबिंदूलाही तीन आली होती. ज्या डॉक्टरांचा आकडा सगळ्यांत कमी होता त्यांना त्यानं फोनवर विचारलं, "फायनल काय करताय?" मी शेजारीच बसले होते. लाजेनं माझी मान वर होईना.

समोर मी त्याला अहो-जाहो करते, इथं लिहिताना मात्र अरे-तुरे. एवढी सूट मी घेणार.

मी शिक्षिका. माहेर डहाणूकडचं, नोकरी इथल्या सरकारी शाळेत. दोन वर्षांपूर्वी माझी बदली खानवेलच्या पुढच्या एका गावात झाली आणि घरातली जुनी गाडी आपोआप माझ्याकडे आली, कारण नवऱ्याला न्यायला कंपनीची बस सोसायटीच्या गेटवर येते. शाळेतल्या आणखी दोघी बाई माझ्याबरोबर येतात. सिल्वासाहून वाटेतल्या वासोण्यापर्यंत गाडी कुणीही चालवील. खानवेल मागं पडलं, की चढ-उतार आणि वळणं सुरू होतात, आणि तिथं ब्रेक म्हणजे काय ते कळतं.

तर त्या ब्रेकमधून आवाज यायला लागला. आधी नुसता कुरकुर, मग उतारावर चक्क खरवडल्यासारखा. मी अथालच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मालक खानदेशातला, बोलायला भारी आणि स्वतःवर भलता खूश. चाक काढून मला त्यामागच्या ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवायला लावलं. कडेला उंचवटा आला होता आणि आत चर पडले होते. "ताई, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदला. नुसते पॅड टाकून देणारे भेटतील तुम्हाला, पण मी नाही तसलं काम करत," तो म्हणाला. सगळं मिळून नऊ हजार आठशे.

मला गाडीतलं फार कळत नाही, पण विचारायला तोंड आहे. परतताना किलवणी नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी माझ्या गाडीच्या डिस्क आणि पॅडचा भाव काढला. शाळेतल्या एका सरांनी मागच्या वर्षी असंच काम करून घेतलं होतं, त्यांनाही विचारलं. सामानाचे पैसे वजा केले तर गॅरेजवाल्याला जवळजवळ एका दिवसाची मजुरी उरत होती. सरांचा आकडाही आसपासच होता. भाव वाजवी आहे, अशी माझी खात्री झाली, आणि ती मी संध्याकाळी नवऱ्याला ऐकवली.

"नऊ हजार आठशे? नुसत्या ब्रेकचे?"

"नुसत्या म्हणजे? दोन डिस्क आहेत, पॅड आहेत, ऑइल आहे."

"बाई बघून लावलेत."

"अहो, दुकानात भाव विचारून आले मी. सरांनाही विचारलं."

"दुकानदार आणि गॅरेजवाला आतून एकच असतात. तुला नाही कळायचं. मी रोज असली माणसं बघतो."

त्या माणसाला त्यानं पाहिलंही नव्हतं. डिस्कवर बोटही फिरवलं नव्हतं. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती, पण तो वर सोफ्यावरून हलला नाही. मला राग आला तो याचा. मी चौकशी केली होती, आकडेमोड केली होती, त्यानं काही केलं नव्हतं, आणि तरी न कळणारी मीच होते.

मग कोटेशनं सुरू झाली. दुसरं वापीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं, ते चौदा हजारांच्या वर गेलं. मला वाटलं, आता तरी अथालवाला खरा ठरेल. पण सर्वांत जास्त भाव कुणाचा, याला आमच्या घरात किंमत नसते. तिसरा फोन त्यानं त्याच्या कारखान्याच्या ट्रान्सपोर्टरला लावला. या माणसाचे टेम्पो कारखान्याचा माल वाहतात आणि सायलीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. मी ऐकावं म्हणून फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

"नौ हजार आठ सौ? साहेब, ये तो लूट है," तिकडून आवाज आला. "गाडी भेज दो ने आप. तीन हजार में करवा देता हूँ. आपके घर की गाडी है."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात महाग पडलेल्या माणसाकडे तो असंच पाहत असणार.

या गावात माझ्या नवऱ्याला खरा भाव कधी कळलेलाच नाही. पर्चेसच्या खुर्चीत बसल्यापासून त्याला जो तो साहेबांचा भाव सांगतो. एसीचा गॅस भरायचा असो की बाथरूमच्या टाइल्स, समोरचा अर्धे पैसे सांगतो आणि हात जोडतो, कारण त्याला पुढच्या ऑर्डरी दिसत असतात. दिवाळीत काजू-बदामाचे डबे ठेवायला आमच्या फ्लॅटमध्ये जागा पुरत नाही. आपण घासाघीस करण्यात पटाईत आहोत, असं नवऱ्याला मनापासून वाटतं. सगळी कमाल त्या खुर्चीची आहे. आणि असल्या भावाशी तो अथालच्या गॅरेजवाल्याचा भाव ताडून बघत होता, ज्याला माझ्याकडून ब्रेकच्या कामापलीकडे काहीही मिळणार नव्हतं.

मी हे तेव्हाच तोंडावर बोलले. "तीन हजारात डिस्क तरी येते का?" असंही विचारलं.

"डिस्क बदलायची गरजच नाही. आहे तीच लेथवर घासून गुळगुळीत करून देतील," तो म्हणाला. "तुझा हट्ट गाडी नीट व्हावी हा आहे, की तूच बरोबर होतीस हा?"

मी किल्ली दिली. गाडी सायलीला गेली आणि संध्याकाळी परत आली. आवाज बंद झाला होता, हे मला कबूल करावं लागलं. त्या माणसानं तीन हजारसुद्धा घेतले नाहीत. बिल नाही, काही नाही. पुढं कितीतरी दिवस घरी पाहुणे आले, की चहाबरोबर हा किस्सा यायचा. "हिला नऊ हजार आठशे सांगितले होते, मी फुकटात करून आणलं." पाहुणे हसायचे, मी कप गोळा करायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळी शाळेला निघालो होतो, खानवेलच्या पुढच्या उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं आणि खाली जातच राहिलं. गाडी थांबेना. मी पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, आणि शेळ्या हाकणाऱ्या बाईला चुकवायला गाडी डावीकडच्या चरात घातली. चराच्या पलीकडच्या सागाला बंपर आपटला आणि गाडी थांबली. मागं बसलेल्या बाईंचा गुडघा सुजला, दुसऱ्यांचा डबा सगळीकडे सांडला. शेळ्यांची बाई लांब उभी राहून आम्हाला वारली भाषेत शिव्या देत होती आणि त्या मला मनापासून पटत होत्या. मी गाडीतून उतरले आणि रस्त्यावरच बसले.

खानवेलच्या मेकॅनिकनं येऊन ब्रेकचं ऑइल भरलं. एका चाकाकडून ऑइल गळतंय, गाडी तेवढी घरापर्यंत हळूहळू न्या, म्हणाला. त्या दोघी बसनं गेल्या. त्यानंतर त्या बसनंच जातात. मला तोंडावर काही म्हणाल्या नाहीत, पण बसचा पास काढला.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. वाटलं, आता हा त्या ट्रान्सपोर्टरला सोलून काढील. धाग्याच्या रंगात किंचित फरक दिसला तर अख्खा ट्रक परत पाठवणारा हा माणूस. फोनवर त्याचा आवाज चढला, की शेजारचे दार लावून घेतात. तो गॅलरीत गेला, फोन लावला, आणि मी दाराशी उभी राहिले.

"अरे भाई, कैसे हो?" नवरा हसत म्हणाला. "वो गाडी का ब्रेक थोडा नरम है. टाइम मिले तो देख लेना. नहीं नहीं, ऐसा कुछ नहीं. जल्दी नहीं है."

जल्दी नहीं है. मी शेळ्यांची बाई जेमतेम चुकवून आले होते, आणि याला घाई नव्हती.

तो आत आला तेव्हा मी म्हटलं, "नंबर द्या. मी बोलते."

"तू मध्ये पडू नकोस. त्यानं एक पैसा घेतलेला नाही, कुठल्या तोंडानं भांडू? शिवाय या महिन्यात कारखान्याशी त्याचं वर्षभराच्या भाड्याचं रेट कॉन्ट्रॅक्ट व्हायचंय. ते होऊ दे, मग पाठवू गाडी. तोवर जरा जपून चालव."

मग तो खाली गेला, सोसायटीच्या आवारात गाडीची एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "लागतोय की ब्रेक."

मी भांडले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि त्याच्यापुढं रडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, शाळेला निघते असं भासवून पहिल्या गिअरमध्ये गाडी अथालला नेली. गॅरेजवाल्यानं चाक काढलं आणि त्याचं भाषण सुरू झालं. "बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं, ताई..." मी म्हटलं, "गप्प बसून काम करणार असाल तर करा." तो गप्प बसला. आता जोडीला, जिथून ऑइल गळत होतं ती फाटलेली रबरंही बदलायची होती, त्यामुळं पहिल्यापेक्षा जास्त पैसे झाले. माझ्या पगारातून दिले, एक शब्दही घासाघीस केली नाही. दुपारी येताना गाडी मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर वेगात नेऊन ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी राहिली.

हे नवऱ्याला सांगायचं राहून गेलं असं नाही, मी मुद्दामच सांगितलं नाही. त्या ट्रान्सपोर्टरचं काय ते रेट कॉन्ट्रॅक्ट झालं. गाडी सायलीला कधी गेली नाही, आणि त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे त्याच्या हिशेबी या गाडीचे ब्रेक अजून तसेच आहेत.

रविवारी आम्ही वापीला नणंदेकडे जातो. पूर्वी गाडी तो चालवायचा. आता किल्ली माझ्यासमोर धरतो, "तूच चालव, तुला हिची सवय आहे." शेजारच्या सीटवर पट्टा घट्ट आवळून बसतो. पुढं ट्रक दिसला, की त्याचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो आणि हात दाराच्या वरच्या मुठीकडे जातो.

सोमवारी सकाळी तो गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा असतो. मी तीच गाडी काढते, खानवेलच्या पलीकडं जायला. तो वरून म्हणतो, "हळू जा."