पुढच्या चाकाचा आवाज

हे मी आजवर कुणाला बोललो नाही – बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलं तर ती आधी हसेल आणि मग दोन दिवस बोलणार नाही. तुम्ही आपले म्हणून सांगतो.

गावोगाव कर्जावर जीपा आल्या, तेव्हाची गोष्ट. मी शेटजींची जीप अंबाजोगाई ते घाटनांदूर चालवायचो. घाटनांदूरच्या रस्त्यालाच एसटीडीचा पिवळा डबा होता आणि डब्यात सुरेखा बसायची. आता रोज फोन तरी कुणाला लावणार? सगळे सोयरे गावातच. पण जीप थांबायला कारण नको का?

म्हणून मी पुढच्या चाकात आवाज काढला. म्हणजे, तोंडाने. "ऐका, घर्रघर्र येतंय," म्हणायचो आणि नेमका डब्यासमोर जॅक लावायचो. चाक वर-खाली हलवून बघायचं, हाताने फिरवायचं, कपाळावरचा घाम पुसायचा. बाजाराला निघालेल्या बायका आत बसून माझ्या नावाने बोटं मोडायच्या. सुरेखा मात्र पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. लई मजेचे दिवस होते, खोटं कशाला बोलू?

पण बायकांनी शेटजींकडे तक्रार केली आणि शेटजींनी जीप महालिंग आप्पांकडे धाडली. आप्पा म्हणजे अंबाजोगाईतले जुने मिस्त्री. चाक उचलून फिरवायचे, पाना चाकाच्या मधल्या हबवर टेकवून दांडा कानाला लावायचे, डोळे मिटायचे. बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलं ते चाक न खोलता सांगायचे.

त्या दिवशी त्यांनी कितीतरी वेळ कान लावला. "मला तर काय ऐकू येईना बे."

इथेच बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, "येतंय की आप्पा. चांगलं मोठ्यानं येतंय."

त्यांनी चांगलं बेअरिंग काढून नवं घातलं. आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या दारात – आवाज तसाच, म्हणालो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पाना कानाला लावलाच नाही. नुसता हातात धरून बसले. नंतर कळलं, पुढच्या चाकाचं काम त्यांनी सोडलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, कान गेले माझे, दुसरीकडं बघा.

माझ्या नि सुरेखाच्या लग्नाला ते आले होते. पंगतीत शेजारी बसून हळूच विचारलं, "त्या चाकाचा आवाज गेला का बे?"

"गेला, आप्पा."

"कुणाला घावला?"

"लातूरच्या एका मिस्त्रीला," मी म्हणालो. तोंडात बुंदी होती.

"भला माणूस," आप्पा म्हणाले. मनापासून म्हणाले. "कान शाबूत हायत त्याचे."

आप्पा आता नाहीत. त्या चाकात कधीच आवाज नव्हता. त्यांना बरोबर ऐकू येत होतं.