फटफटीवरची धाबळी

धामणगावच्या बाजारात कापसाची गाडी लावून मी अडत्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. सकाळच्या गाडीनं अमरावतीहून आलेला एक ओळखीचा दलाल समोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, तुमचे फटफटीवाले महाराज वारले. काल दुपारी." मी त्याच्यावरच खेकसलो. बातमी आणणाऱ्याचा त्यात काय दोष? पण माझा स्वभावच तसा आहे, दुःख झालं की मला आधी राग येतो. दिगंबरला कावीळ झाली होती. पंधरा दिवस तो अंथरुणावर होता आणि पाटलाला कळवू नका, त्याची वेचणी सुरू आहे, असं त्यानंच घरी बजावलं होतं. चौपन्न वर्षांचा माणूस, आणि जाताना माझ्या कापसाची काळजी करून गेला! याचाही मला राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही. आता महिना होत आला, वेचणी आटोपली, हात रिकामे झाले, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दिगंबरचं घर अमरावतीला अंबागेटच्या आत. घरात भिक्षुकी पिढीजात. त्याच्या वडिलांना सगळे मोठे महाराज म्हणत. आमचं गाव मोझरीपासून आत चार मैल, आणि आमच्या घरची सगळी कार्यं चार पिढ्यांपासून त्यांच्याच हातची. शिक्षणासाठी मी अमरावतीला राहिलो तेव्हा दिगंबर माझ्या वर्गात होता. संस्कृतात मी पास झालो तो केवळ त्याच्या शेजारी बसून, हे मास्तरांनाही ठाऊक होतं. पुढं मी वावरात गेलो, तो पोथीत गेला, पण आमचं अरे-तुरे काही सुटलं नाही. चारचौघांत मी त्याला वाकून नमस्कार करायचो आणि तो आशीर्वाद देता देता हळूच डोळा मारायचा.

लढाई संपून सात-आठ वर्षं झाली असतील. अकोल्याला एका कंत्राटदाराची वास्तुशांत होती आणि मला तिकडं सरकी पाहायची होती, म्हणून आम्ही दोघं सोबतच गेलो. त्या घराच्या परसात लष्कराच्या लिलावातून आणलेली एक विलायती फटफटी पडली होती. हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले, टाकीवरचं कंपनीचं नाव कोणीतरी खरवडून टाकलेलं, आणि इंजिनाच्या आडोशाला कोंबडी अंड्यावर बसलेली. वास्तुशांत आटोपली, पानं वाढली गेली, तरी आमचे महाराज परसातच उकिडवे बसलेले. कंत्राटदार हसत म्हणाला, "महाराज, गोदान कराले माह्याजवळ गाय नाही. हे जनावर न्या. चाललं तं तुमचं." ती थट्टाच होती. पण दिगंबरनं पळी-पंचपात्र पुढं केलं आणि म्हणाला, "मग उदक सोडा." त्या भल्या माणसानं खरोखरच पाणी सोडलं. कोंबडी उठवून, अंडी घरधनिणीच्या हवाली करून, आम्ही ती फटफटी बैलगाडीत घातली आणि पुढं रेल्वेनं बडनेऱ्याला आणली.

सहा महिने तो तिच्यामागं होता. लष्करात मोटारी दुरुस्त केलेला एक मिस्त्री त्यांच्या आळीच्या टोकाला राहत असे, त्याच्या हाताखाली हा वेदमूर्ती काळ्या हातांनी बसायचा. शेवटी ती सुरू झाली. ती सुरू करण्याचाही एक विधी होता. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरची घुंडी दाबून पेट्रोल बाहेर डोकावेपर्यंत थांबायचं. हँडलवरची ठिणगीची दांडी मागं घ्यायची. मग किकवर पाय ठेवून पिस्टन वर आल्याचं पायाला कळेपर्यंत हळूच दाबायचं, आणि त्यानंतर एकच किक मारायची. यात काही चुकलं की किक उलटी यायची आणि नडगी फुटायची. माझी दोनदा फुटली. दिगंबर म्हणायचा, "पाटला, तुले क्रमच नाही. आचमन केल्याबिगर संकल्प करून राहिला तू." पण एकदा चालू झाली की... काय सांगू! धक्... धक्... धक्... एकेक ठोका वेगळा मोजून घ्यावा असा. घाई नाही, किंचाळणं नाही. चढ लागला तरी तोच ठेका, फक्त आवाज जरा खालच्या पट्टीत जायचा. मागं बसून माणूस सुखानं गप्पा मारू शकत असे. गरम तेलाचा वास, दोन्ही बाजूंची काळी वावरं, पुढं दिगंबरची उडणारी शेंडी आणि उपरणं. मला बैल आवडतात, घोडी आवडते, पण त्या विलायती यंत्रावर माझं जे मन बसलं ते बसलंच.

मोठ्या महाराजांचं मात्र नाही. "चामड्याच्या सीटवर बसाचं अन् त्याच अंगानं देवाले शिवाचं? काढून टाक ते." दिगंबर म्हणाला, "आबा, दान आहे. उदक सोडलेलं परत कसं करू?" मुद्दा शास्त्राचा होता, म्हणून त्यांनी विषय सोडला. पटलं मुळीच नव्हतं. आणि अशात दिगंबरनं स्वतःच्या हातानं घोळ केला. फटफटी आहे म्हणून त्यानं एकाच दिवशी दोन लग्नं घेतली, एक सकाळचं आणि एक गोरज मुहूर्ताचं, मध्ये पंचवीस मैल. दुसऱ्या मांडवात धापा टाकत पाटावर बसला आणि संकल्पात सकाळच्या नवरीचं नाव घेतलं! मुलीचा मामा ताडकन उठला. "महाराज, हे कोन होय? आमची पोरगी तं कमला आहे." मांडव खो खो हसला, नाव सुधारलं, लग्न नीट लागलं. पण दिगंबर घरी पोचायच्या आत ही गोष्ट अंबागेटला पोचली होती, आणि तीही फटफटीशिवाय.

मोठे महाराज ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं दिगंबर मला म्हणाला. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "चामड्याचं जाऊ दे. तू मुहूर्तामांगं पळून राहिला. मृग लागाच्या आत ठरव. या घरात एक तं पोथी राहीन, नाही तं ते यंत्र. ते ठेवाचं असन तं यजमानांची घरं मी पुतण्याच्या हवाली करतो." दुसऱ्या दिवशी दिगंबर माझ्या वावरात आला आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बसून राहिला. आठव्या वर्षापासून वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलेली विद्या होती ती. नुसत्या पोटापाण्याचा प्रश्न असता तर त्यानं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. तो म्हणाला, "पाटला, मले दोन्ही पायजेत. लहान पोरासारखं वाटते तुले, पण दोन्ही पायजेत." मी त्याला शहाणपणाचा सल्ला दिला, की फटफटी कोणाला तरी देऊन टाक. तो त्यानं ऐकला नाही, याबद्दल मी त्याचा जन्मभर आभारी आहे. त्यानं एवढंच केलं, की एका दिवशी एकच लग्न लावीन असं वडिलांच्या पायांवर हात ठेवून सांगितलं. ते "बरं" म्हणाले, पण मुदत काही मागं घेतली नाही.

वैशाखाच्या अखेरीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आमच्या घरचं कार्य म्हणून मोठे महाराज स्वतः यायचे होते, अर्थात एसटीनं. दिगंबर सामान घेऊन मागून फटफटीवर येणार होता. मी दमणी जुंपून मोझरीच्या फाट्यावर त्यांची वाट पाहत उभा. एसटी काही येईना. ऊन चढलं आणि बैल कंटाळले. पुढं काय झालं ते मला नंतर दिगंबरनं सांगितलं. मोझरीच्या चार मैल अलीकडं एसटी बंद पडली होती. ड्रायव्हर गाडीखाली आडवा, उतारू पांगलेले, आणि मोठे महाराज अंघोळ करून निघालेले, सोवळ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन मैलाच्या दगडावर बसलेले. दिगंबरनं फटफटी थांबवली, पण बंद केली नाही.

"आबा, चला."

"मुहूर्ताले किती आहे?"

"पाऊण तास."

त्यांनी वर सूर्याकडं पाहिलं, ड्रायव्हरच्या गाडीखालून बाहेर आलेल्या पायांकडं पाहिलं. मग गाठोडं सोडलं, त्यातून स्वतःची पूजेची धाबळी काढली, तिची चौघडी केली आणि मागच्या सीटवर टाकली. "लोकरीले विटाळ नसते," ते स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले. वर बसले आणि म्हणाले, "घाई करू नोको."

मी फाट्यावर तो आवाज ओळखला. धक्... धक्... वळणावरून दोघं आले आणि माझ्या दमणीसमोरून तसेच गावाकडं निघून गेले. मोठ्या महाराजांनी मला पाहिलं, पण हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी त्यांनी पोराची कंबर धरली होती. डोळे मात्र उघडे होते आणि चेहरा... तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी मंगलाष्टकं अर्धी झाल्यावर पोचलो. आई ते अजून काढते.

त्या संध्याकाळी मांडवात बसल्या बसल्या मोठे महाराज दिगंबरला म्हणाले, "ठेका मात्र धरून राहते ते. चढावर तू उगाच पिळून राहिला होता, मोडला असता." बस, एवढंच! घरी गेल्यावर त्यांनी ती धाबळी सुनेपुढं ठेवली आणि दोन खोळी शिवायला सांगितल्या, एक पुढच्या सीटची, एक मागच्या. दिगंबरच्या बायकोची, आमच्या वहिनींची, कात्री चालेना. पूजेची धाबळी कापायची कशी? ते म्हणाले, "काप." मृग आला, पाऊस पडला, पेरण्या झाल्या. पोथी घरातच राहिली, फटफटी दारात राहिली, आणि पुतण्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आयुष्याच्या शेवटच्या सात वर्षांत मोठ्या महाराजांनी कोणाच्या दमणीत पाय ठेवला नाही.

पुढं मद्रासकडं तशाच घाटाच्या नव्या गाड्या निघू लागल्या. अकोल्याच्या त्या कंत्राटदारानं एक घेतली आणि आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवली. झळझळीत टाकी, पहिल्या किकेला सुरू. दिगंबर तिच्यावर बसून गावाबाहेर एक चक्कर मारून आला. आपल्या जुनीचा अपमान होईल असं काही तो बोलणार नाही, असं मला वाटलं होतं. पण तो अगदी मनापासून खूश होता. "बीज तेच आहे पाटला, डोळे मिटून ओळखू येते," म्हणाला. आपल्या आवडीची वस्तू दुसऱ्याकडं नवी कोरी असताना इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्या तेराव्याला मी गेलो. फटफटी ओसरीच्या कडेला उभी होती. ती आता कोणी चालवायची हा विषय घरात अजून निघालेला नाही, आणि मी तो काढणारही नाही. विधी करायला मूर्तिजापूरकडचा एक तिशीतला भटजी सांगितला होता. तो आला तो त्या नव्या मद्रासी गाडीवर. दिगंबरला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं गाडी लावली आणि माझं लक्ष सीटवर गेलं. सीट रेक्झिनची होती. चामड्याचा तिथं लवलेश नाही. आणि तरी त्यावर धाबळीची खोळ, पुढं एक, मागं एक.

मी विचारलं, "महाराज, हे काहून?"

तो माझ्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहत म्हणाला, "फटफटीवर धाबळी लागतेच ना, पाटील. शास्त्र आहे."

"कोन्तं शास्त्र?"

"ते मले नाही माहीत. पण आमच्याकडचे सारे भिक्षुक टाकतात. नाही टाकली तं मोठे लोक बोलतात."

आणि मी हसलो. तेराव्याच्या दिवशी, भरल्या ओसरीत, मोठ्यानं. कोणाला काही कळेना. हसता हसताच माझे डोळे वाहू लागले आणि मग मी ते वाहू दिले. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी नुसतं बोट दाखवलं. त्या पायरी उतरून त्या नव्या गाडीजवळ गेल्या, वाकल्या, खोळीवरून हात फिरवला. तेरा दिवसांत त्या घराबाहेर आल्या नव्हत्या. "कड उसवली आहे," त्या भटजीला म्हणाल्या. "अशी घेऊन फिरता? काढा ती."

त्यानं खोळ काढून दिली. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून सुई-दोरा घेऊन बसल्या. आत पानं मांडून झाली होती, पण त्यांची शिवण पुरी होईपर्यंत कोणी वाढायला उठलं नाही.