सुजाताचा समुद्र उन्हाळ्यात आटायचा

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात नववीच्या मुलींना जलपरीची गोष्ट वाचून दाखवत होते. मानोऱ्याच्या आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास वाचनाचा असतो. आसपासच्या तांड्यांवरून येणाऱ्या मुली त्या तासाची वाट बघतात, कारण गेलं वर्षभर त्यांना अशी एक गोष्ट ऐकायला मिळत होती जी अजून छापलेलीच नव्हती. माझी मैत्रीण सुजाता ती लिहीत होती, आणि जसजशी लिहून होईल तसतशी मला मोबाईलवर पाठवत होती. मी मोबाईलवरूनच वाचायचे. त्या दिवशी वाचता वाचता अक्षरं पडद्यावरून गेली आणि तिथं तिचं नाव आलं. पुढचा भाग लिहून झाला असेल, असं वाटून मी हसतच फोन उचलला. पलीकडे तिची आई होती. “मंजू, तुयी मैतरीन गेली व माय…” एवढंच म्हणाल्या. मी फोन खाली ठेवला. मुलींना वाटलं, गोष्टीत पुढं काहीतरी वाईट आहे म्हणून मी थांबले. पायल नावाच्या मुलीनं हळूच विचारलं, “मेली का मॅडम ते?” ती जलपरीबद्दल विचारत होती. मी मानेनं नाही म्हटलं… आणि तास सुटायच्या आधीच मुलींना घरी पाठवलं.

सुजाता आणि मी मेडशीच्या. एका बाकावर बसून शिकलो. तिचे वडील एसटीत वाहक होते. ती कॉलेजात असताना ते गेले. त्यांनी जाण्याआधी घराला मागच्या बाजूनं एक खोली काढली होती आणि त्या बांधकामाचं एक मोठं लोखंडी घमेलं घरात राहून गेलं होतं. सुजातानं ते आपलं करून घेतलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली अभ्यासाला बसायची तेव्हा टेबलाखाली ते घमेलं, त्यात बोअरचं पाणी आणि पाण्यात तिचे पाय. मी तिच्याकडे अभ्यासाला जायचे तेव्हा मावशी, म्हणजे तिची आई, दारातूनच सुरू व्हायच्या, “पाह्य व मंजू इचं. पाय भिजवून भिजवून शेपूट फुटन एक दिवस. मंग कोन करन लगन इच्यासंगं?” सुजाता पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, “बरं होईन. चपलाचं काम नाई राहनार.” पुढं कित्येक वर्षांनी ती जलपऱ्यांवर लिहायला लागली, तेव्हा मी तिला या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, “मायनंच शाप देल्ला मले. आता भोग म्हनावं.”

इंग्रजीत एम. ए. करून ती गावातच शिकवण्या घ्यायची. अकोल्याला किंवा पुण्याला जायचं मनात होतं, पण तिशीतच तिच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं. मग आठवड्यातले ठरलेले दिवस अकोल्याच्या दवाखान्यात डायलिसिसचे झाले. सकाळची बस, मावशी सोबत, चार-चार तास खाटेवर आणि संध्याकाळी परत. एका हातात सुया असायच्या, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हातात मोबाईल. त्या चार तासांत ती इंग्रजी पुस्तकं वाचायला लागली. जुन्या परीकथा तिकडं आता किशोरवयीन मुलांसाठी नव्यानं लिहितात, आणि गोड करून नाही, अंधाऱ्या करून. जलपरीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. ती माणसाच्या प्रेमात पडते, पायांच्या बदल्यात आपला आवाज देते, पाऊल टाकलं की सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतं आणि शेवटी ती फेस होऊन जाते. या नव्या पुस्तकांतल्या जलपऱ्या फेस होत नव्हत्या. कुणी राजपुत्राला वाचवायच्या ऐवजी बुडवायची, कुणी आपला आवाज परत हिसकावून घ्यायची, कुणाचे दात माशासारखे बारीक आणि धारदार होते. सुजाता एकामागून एक वाचत सुटली. मी एकदा म्हटलं, अगं, आपल्या वयाच्या बायांनी हे काय वाचायचं, हे तर पोरींसाठी आहे. त्यावर ती जे बोलली ते माझ्या मनात राहिलं. “लहानपनी पोरीयले सगळं गोड सांगतात, अन् लगनाच्या वक्ती एकदम खरं. मधी कोनीच काही सांगत नाई. हे पुस्तकं मधातले हायेत, मंजे. आपल्याले कोनी देल्ले नाईत.”

आणि मग तिनं स्वतःच लिहायला घेतलं, मराठीत. एका अंगठ्यानं, दवाखान्याच्या खाटेवर. मावशींना वाटायचं, पोरगी कुणाला तरी मेसेज करते. “कोनाशी बोलत राह्यते व ते इतकं?” असं त्या मला विचारायच्या. तिनं पाठवलेलं पहिलं प्रकरण मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि पहिल्याच पानाला अडखळले. तिच्या गोष्टीत चैत्र लागला की समुद्र खाली जायला लागायचा. काठचा गाळ भेगाळायचा, बुडालेल्या देवळाचे कळस वर यायचे आणि जलपऱ्या मधल्या एका डोहात दाटीवाटीनं गोळा व्हायच्या. मी तिला फोन केला. “सुजे, समुद्र उन्हाळ्यात आटत नाही वं.” ती इतकी हसली की तिला खोकला लागला. समुद्र तिनं कधी पाहिलाच नव्हता. मी कॉलेजच्या सहलीत कोकणात गेले होते तेव्हा घरून तिला परवानगी मिळाली नव्हती. भूगोलात शिकलेलं सगळं तिला येत होतं, पण लिहिताना हाताखाली आला तो गावाबाहेरचा तलाव. त्याचं पाणी होळीनंतर मागं सरतं, मेमध्ये मधोमध एक डबकं उरतं आणि त्या डबक्यात सगळ्या तलावाचे मासे एकमेकांवर उसळत असतात… आम्ही दोघींनी ते कितीदा पाहिलं होतं. “मी दुरुस्त करू का?” असं मीच विचारलं. तर म्हणाली, “नोको. आता आटलाच हाय तं आटू दे.”

त्या आटण्यातूनच तिची सगळी गोष्ट निघाली. डोहाच्या तळाशी एक चेटकीण राहते. एक जण बाहेर गेली की बाकीच्यांना पाणी पुरतं, असं ती सांगते. म्हणून दर उन्हाळ्यात ती एका मुलीचा आवाज काढून घेते आणि तिला पाय देऊन कोरड्या जमिनीवर सोडते. राजपुत्र वगैरे तिथं कुणी नाही. मुलगी चालत जाते आणि परत येत नाही. गोष्टीतल्या धाकटीची मोठी बहीण अशीच गेलेली आहे, आणि आता पाळी धाकटीची आहे. ती बहिणीला शोधायचं ठरवून बाहेर पडते. पुस्तक एवढंच आहे, एक बहीण दुसरीला शोधते. बहीण भेटते की नाही, पाणी परत येतं की नाही, हे कळण्यासाठी माझ्या वर्गातल्या मुली शनिवारची वाट बघत होत्या.

मुलींना काही समजावून सांगावं लागलं नाही. पायलची मोठी बहीण लग्न होऊन दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर दूर गेलेली होती. जलपरीचे पाय दुखतात तो भाग वाचला तेव्हा पायल म्हणाली, “एवढं दुखते तं ते कोनाले सांगत काहून नाई, मॅडम?” मी म्हटलं, “अगं, आवाज दिला ना तिनं.” पायलनं खांदे उडवले. “आवाज असून बी कोन सांगते?” मी हे संध्याकाळी सुजाताला कळवलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य धाकटीच्या तोंडी आलेलं होतं, आणि खाली मला निरोप होता, ‘पायलबाईले म्हना, असेच देत जा.’ पायलला हे सांगितलं तर ती दिवसभर वर्गात कुणाशी धड बोलेना, अभिमानानं इतकी फुगली.

नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकानं पहिली प्रकरणं वाचून पुस्तक काढायची तयारी दाखवली. संपादक सज्जन होते. फोनवर म्हणाले, ताई, सगळं उत्तम आहे, फक्त समुद्र असा आटत नाही, तेवढं बदला, नाहीतर वाचक हसतील. मी तेव्हा तिच्याजवळच बसले होते. तिचे पाय घमेल्यात होते. तिनं शांतपणे उत्तर दिलं, “तुमचा नसन आटत, सर. आमचा आटते.” फोन ठेवल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. छापलं नाही तर? तिला ते पुस्तक हवं होतं, फार हवं होतं. पण बदललं काहीच नाही. आठवडाभरानं संपादकांचाच फोन आला की राहू द्या तसंच, शेवटचं प्रकरण तेवढं लवकर पाठवा.

शेवटच्या प्रकरणाशी ती अडली होती. तब्येत खालावत होती. डॉक्टरांनी पाणी अगदी बेतानं प्यायला सांगितलं होतं. उन्हाळा असो की काही असो, घोट घोट. आमच्याकडच्या उन्हात हे काय असतं, ते सांगायला नको. मावशींनी माठ तिच्या नजरेआड, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवला होता. स्वतः त्या तिच्यासमोर कधी पाणी पीत नसत, शेजारी जाऊन पिऊन येत. सुजाताला हे माहीत होतं. “माय शेजारी गेली म्हंजे तहान लागली तिले,” असं ती मला हळूच सांगायची. पाय पाण्यात ठेवण्याची तिची जुनी हौस आता वेगळीच गोष्ट झाली होती. तोंडाला नाही तर पायांना तरी… आमच्या शेवटच्या भेटीत तिनं बर्फाचा एक खडा गालात धरला होता आणि तो विरघळेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “समुद्र खारा असते ना वं? म्हंजे एवढं पानी असून तिथं बी पेता येत नाई.” मी म्हटलं, पुस्तक झालं की आपण जाऊ, मी नेते तुला, दवाखान्याच्या दोन दिवसांच्या मध्ये जाऊन येऊ. तिनं मान हलवली. “पयले शेवट लिहू दे. तो समुद्र पाह्यला तं माहावाला पुसून जाईन.” हे ती लटकंच बोलत होती, की तिला जमणार नाही हे ठाऊक होतं, मला अजून कळत नाही.

शेवट पूर्ण झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमानंतर संपादकांनी मला फोन केला. तिच्या सर्वांत जवळच्या तुम्हीच, तिच्या मनात काय होतं ते तुम्हालाच माहीत, दोन-चार पानं लिहून द्या, म्हणजे पुस्तक निघेल. शाळेत पायलनंही विचारलं, “मॅडम, आता तिच्या बहिनीचं कसं?” मी लिहायला बसले. दोघी बहिणी भेटतात असं लिहिलं आणि खोडलं. भेटत नाहीत असं लिहायला हात उचलेना. सुजाताच्या मनात काय होतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. शेवटी तिनं मोबाईलवर पाठवलेली सगळी पानं छापून घेतली आणि गेल्या रविवारी मेडशीला गेले. निदान मावशींना एकदा ऐकवावं, एवढंच मनात होतं. लेकीनं त्यांना त्यातलं एक अक्षर वाचून दाखवलं नव्हतं. पुस्तक झालं की देईन म्हणायची.

मावशी मागच्या खोलीत होत्या. सुजाताच्या खुर्चीवर बसलेल्या, लुगडं घोट्याच्या वर सारलेलं, पाय घमेल्यात. मला पाहून त्या ओशाळल्या. “भरून ठेवतो रोज. सवय पडली. मंग रिकामं काहून ठेवा म्हनलं…” वर्षानुवर्षांच्या बोअरच्या पाण्यानं घमेल्याच्या आतून क्षारांची एक पांढरी रेघ धरली आहे. सुजाताचे पाय आत असले की पाणी तिथवर यायचं. मावशींचे पाय लहान, वाळलेले. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं.

मी वाचायला घेतलं. दुपारभर वाचत होते.  समुद्र आटायला लागतो तिथं मावशी फक्त “हां” म्हणाल्या, जणू ओळखीचं कुणी दारात आलं. शेवटच्या पानावर धाकटी भटकून भटकून पुन्हा आटलेल्या समुद्राच्या काठी येते. गाळात तिला पावलं उमटलेली दिसतात. ती वाकून बघते. पावलं समुद्राकडून जाणारी नसतात… समुद्राकडं येणारी असतात.

मी कागद खाली ठेवला.

“मंग?” मावशींनी विचारलं.

“इथंच थांबलीय ती, मावशी.”

“कोनाचे पावलं होते?”

“नाही लिहिलं तिनं.”

त्या घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिल्या. संपादकांना काय कळवायचं, ते मला तेव्हा उमगलं. पुस्तक तिथंच संपेल. पायललाही मी तिथपर्यंतच वाचून दाखवीन. मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि शेजारची तिपाई पुढं ओढली.

“पयल्यापासून वाच आता. पयले दोघी बहिनी संगंच असतात ना?”

“हो.”

“मंग वाच. अन् पाय टाक पान्यात, उन्हातून आली तू.”

मी चपला काढून तिपाईवर बसले. घमेल्यात दाटीवाटी झाली, मावशींनी आपले पाय जरा आवरून घेतले. माझे पाय आत गेले तसं पाणी हळूहळू वर चढलं आणि त्या पांढऱ्या रेघेला येऊन टेकलं. मावशींनी ते पाहिलं. मीही पाहिलं. मग मी पहिलं पान वर घेतलं.