लेव्हल ऑफ

व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला आखातातलं, गाला भागातलं ते ऑफिस आठवतं. मीटिंगमध्ये आमचे सर्वांत जुने सेल्समन, रत्नागिरीचे चाचा, फळ्यावरची स्वतःच्या विक्रीची आडवी झालेली रेषा बघून म्हणाले, "सेल स्टॉप झाला, साहेब." पुण्याचे साहेब हसले. "स्टॉप? दुकान बंद पडलं का? वाढायचं थांबलं की लेव्हल ऑफ म्हणतात. उभे राहा आणि म्हणा, आय हॅव लेव्हल्ड ऑफ." चाचा उभे राहिले, अडखळत म्हणाले. "पुन्हा." एसीतही त्यांच्या कपाळावर घाम आला होता. अखेर त्यांना ते नीट म्हणता आलं, तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास. तुमचा व्हिसा आता रिन्यू होणार नाही. कारण तुम्हीच सांगितलंत." चाचा सवयीने "थँक यू, सर" म्हणून खाली बसले. साहेबांचा दिवाळीला अजून मेसेज येतो. मी उत्तर देत नाही.