स्वतःच्या तोंडानं कळवलेली सुट्टी

आता काय नि कसं सांगू? चहा थंड होईल तुमचा, पण ऐकाच. रीतसर कळवून सुट्टी घ्यायला गेले आणि अर्ध्या शहराची धावपळ करून ठेवली मी.

गुलमंडीत कापडाच्या दुकानात मी आणि शोभाताई कामाला आहोत. ती साड्यांकडं, मी ड्रेस मटेरियलकडं. राहतोही एकाच गल्लीत. आमचे शेठ माणूस भला, पण सुट्टीच्या बाबतीत लई कडक. मेसेज चालत नाय, नवऱ्यानं केलेला फोन चालत नाय. उशीर होणार असो नाहीतर दांडी, दुकान उघडायच्या आत स्वतःच्या तोंडानं सांगायचं. काय झालं ते सांगायचं, कधी येणार ते सांगायचं.

लग्नसराई चालू होती आणि माझी दाढ ठणकायला लागली. म्हटलं, सकाळीच डॉक्टरला दाखवू आणि तशीच दुकानात जाऊ. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता, मी दार ओढून घेतलं आणि निघाले. दाखवायलाच गेले होते हो. पण डॉक्टर म्हणाले, ही आजच काढावी लागेल. सुई टोचली, दाढ निघाली, तोंडात कापसाचा बोळा आला, आणि घड्याळ बघते तर शटर उघडायची वेळ झालेली.

आता नियम म्हणजे नियम. केला फोन.

मला म्हणायचं होतं, "शेठ, दाढ काढली, दुपारून येते." तोंडातून निघालं, "फेठ, आड आअली, उफाऊन येहे."

शेठ म्हणाले, कोण बोलतंय? मी म्हटलं, हुनीहा. बिचारे घाबरले. सुनीता, तुझी जीभ का अशी जड झाली, काय होतंय तुला? मी सगळा जीव एकवटून सांगितलं की सुईमुळं तोंड बधिर झालंय. त्यातला फक्त शेवटचा तुकडा त्यांना स्वच्छ ऐकू गेला: "अर्धं तोंड गेलंय माझं."

त्यांच्या काकांना लकवा मारला होता, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती म्हणे. हे मला कुठं ठाऊक?

शेठनी परत परत फोन लावला. आणि मी काय करावं? डॉक्टरनी बजावलं होतं, आता बोलायचं नाही. मी आज्ञाधारक. प्रत्येक फोन कट केला. शेवटी फोनचा आवाजच बंद करून पर्समध्ये टाकला. कळवायचं ते कळवून झालं होतं ना?

तिकडं शेठनी देवगाव रंगारीला माझ्या भावाला कळवलं, कारण मला या दुकानात कामाला लावलं त्यानंच. दादा कांद्याच्या शेतातून उठला, आईला जीपमध्ये घातलं आणि सुसाट निघाला. शेठनी भर सीझनमध्ये शटर ओढलं आणि सगळ्यांना घेऊन माझ्या घराकडं गेले.

आणि मी? डॉक्टरनी थंड खायला सांगितलं होतं. दवाखान्याशेजारच्या आईस्क्रीमच्या दुकानात पंख्याखाली निवांत बसून आईस्क्रीम खात होते. लग्नानंतर इतक्या शांतपणे काही खाल्लेलं मला आठवत नाही. एक संपलं, दुसरं मागवलं.

दुपारी शब्दाला जागून दुकानावर पोचले तर शटर बंद. शेजारचे बांगडीवाले चाचा गिऱ्हाईकात गुंतले होते. मान वर न करता म्हणाले, "दुकान की बाई कू लकवा मार गया बोलते. सब उसके घर कू गए."

दुकानात बाया दोनच. मी तर इथं उभी. म्हणजे शोभाताई! बीपीच्या गोळ्या ती नेहमीच विसरायची. माझ्या डोळ्यांना धार लागली. रिक्षा केली, वाटेत थांबवून दोन शहाळी घेतली आणि गल्लीत शिरले.

गर्दी माझ्याच दारात. मला वाटलं, शोभाताई मदत मागायला माझ्याकडं आली असेल आणि तिथंच पडली असेल. दादा दाराला खांदा लावत होता, दोघं त्याला जोर देत होते. माझं दार तसं आहे, ओढलं की लागतं, आत कुणी आहे की नाय बाहेरून कळत नाही. त्या बंद घरात शोभाताई शिरेल कशी, हा प्रश्न मला पडला नाही. दादा गावाहून इथं कशाला आला, हाही नाही. मी गर्दीतून हात घातला आणि किल्ली पुढं केली. दादानं कोणाची किल्ली, कोणाचा हात, काही न बघता ती घेतली आणि दार उघडलं.

सगळे आत घुसले. त्यांच्यासोबत मीही. कुणी पलंगामागं बघितलं, शेठनी मोरीत डोकावलं, मी स्वयंपाकघरात पाहून आले. पेशंट कुठंच नाही. आई मटकन खाली बसली. तिला धीर द्यायला म्हणून वळले तर शेजारी शोभाताई उभी. ठणठणीत. रडून नाक लाल झालेलं.

मी तिचा दंड धरला आणि जीभ सावरत विचारलं, "ताई, मग लकवा कोणाला मारला?"

ती माझ्या एका बाजूनं सुजलेल्या तोंडाकडं बघतच राहिली. म्हणाली, "अगं बाई, तुलाच की."

आणि खोटं नाही सांगत, शहाळी खाली ठेवून मी आधी आरशात बघून आले.