व्याह्यांचं म्हातारं मशीन

आमच्या व्याह्यांइतका, म्हणजे सूनबाईच्या वडिलांइतका, हट्टी माणूस अख्ख्या पुण्यात नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याच्या हट्टाला कारखान्यातले साहेब टरकून असत. व्याही वारज्याला राहतात. कुणी कॉम्प्युटर भंगारात काढला की हे पिशवी घेऊन हजर. "अहो, म्हातारा झालाय, मेला नाही." मग त्यातली जडशीळ ऑपरेटिंग सिस्टीम काढून जगभरातल्या हौशी मंडळींनी केलेली हलकी, फुकटची घालतात. वर वैद्यासारखं पथ्य सांगतात, "याला पुरणपोळी पचत नाही, पेज द्या."

असाच एक पाटीएवढा लॅपटॉप त्यांनी मला दिला. वीज दिव्याएवढी खातो, पण चालू होईस्तोवर माझी अंघोळ उरकते. चौथी पास माणसाला हे कशाला, म्हणालो. "मग पाचवी यावर करा." आता हे लिहितोय तेही त्यावरच, एका बोटानं.

दुसरी खोड जुन्या वळणाची. लेकीच्या घरी कामाशिवाय यायचं नाही आणि आलं तरी पाणी घ्यायचं नाही. "कधीही या हो," म्हणून मी थकलो. पण मशीन अडलं की स्वारगेटला बस बदलून हडपसरला येणार, पाण्याची बाटली स्वतःची. मग पडद्याकडे बघत बसायचं. समोर सूनबाई भाजी निवडत बसणार. बोलणं मशीनचंच.

"आज बरंय का बाबा?"

"बरंय. तू वाळलीस."

परवा मात्र पडेल चेहऱ्यानं आले. त्या हौशी मंडळींनी जाहीर केलं होतं की पुढची सिस्टीम इतक्या जुन्या मशीनवर चालणार नाही. "आता दुरुस्त्या बंद. संपलं," म्हणाले. सूनबाई निवडता निवडता थांबली. आमचा मुलगा मात्र खूश. संध्याकाळी नवा लॅपटॉपच घेऊन आला, मला म्हणाला, "दादा, हा कधी बिघडणारच नाही!"

हेच तर मला नको होतं. खोक्यासकट परत करायला लावला. मुलगा म्हणाला, हट्टाची हद्द झाली. झाली असेल.

सकाळी व्याह्यांना फोन लावला. "अहो, जुन्यांना धरून ठेवणारं दुसरं कुणी असेल की जगात. शोधा जरा. मशीन अडलंय आमचं."

"काय होतंय त्याला?"

मशीन समोर झकास चालू होतं. "काय की. तुम्ही बघितल्याशिवाय कळायचं नाही."

मग म्हणाले, "उद्याच निघतो."

फोन ठेवला आणि सूनबाईला हळूच विचारलं, "काय बिघडवू गं यात?"

ती मशीनकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा, असं काहीतरी बिघडवा, की एका दिवसात नीट व्हायचं नाही."